सुट्या भागावर त्याचा क्रमांक छापा: ग्राहक व्यवहार विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली

तसेच घरगुती विद्युत उपकरणे बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापन

विषय: घरगुती उपकरणांच्या सुट्या भागांवर ओळखक्रमांक छापणे सक्तीचे करण्याबाबत

महोदय,

ठाणे स्थानकाकडून जांभळी नाक्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत आमचे घरगुती उपकरणांच्या सुट्या भागांचे छोटे दुकान आहे. ते माझ्या सासऱ्यांनी सुरू केले आणि गेली एकवीस वर्षे काउंटरवर मी बसते. मिक्सरचे कपलर (मोटरची फिरकी भांड्याला देणारी दातेरी चकती), बुश आणि कार्बन, पंख्याचे कपॅसिटर आणि बेअरिंग, गिझरचे एलिमेंट आणि थर्मोस्टॅट, कुकरची रिंग आणि शिट्टी, शेगडीचे बर्नर, वॉशिंग मशीनचे पट्टे आणि व्हॉल्व्ह असा आमचा माल. दुरुस्ती आम्ही करत नाही, दुरुस्तीला लागणारी वस्तू देतो. त्यामुळे आमच्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. एक मेकॅनिक, ज्याला काय हवे ते नेमके ठाऊक असते. दुसरा घरातला माणूस, ज्याच्या घरात आज सकाळी काहीतरी बंद पडलेले असते आणि जे बंद पडले त्याचे नाव त्याला ठाऊक नसते. हे पत्र त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

आपल्या विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाईल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे तिच्यापुढे ठेवली होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू झाले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती निर्देशांकासाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे हे गुणांनी सांगण्यासाठी, वेगळी समिती झाली आणि मे २०२५ मध्ये तिने मोबाईल व इलेक्ट्रॉनिक क्षेत्राविषयीचा अहवाल दिला. आमचे पोट दुरुस्तीवर चालते, म्हणून या बातम्या मी लक्ष देऊन वाचत आले आहे. वाचताना मला सारखे वाटत राहिले की या कामात काउंटरवरचे एक माणूस बोलले पाहिजे, कारण दुरुस्तीचा हक्क शेवटी आमच्यासारख्या दुकानाच्या फळीवरच मिळतो किंवा नाकारला जातो.

आमच्या धंद्यात ‘गिऱ्हाईक फार डोके खाते’ हे वाक्य रोज कानावर पडते. सुरुवातीची काही वर्षे मीही ते म्हणत असे. आता म्हणत नाही. माझे म्हणणे असे आहे की सुट्या भागांच्या दुकानातली बहुतेक भांडणे त्या भागाला नाव नसल्यामुळे होतात, आणि ते नाव देणे ज्यांच्या हातात आहे ते भांडणाच्या वेळी काउंटरच्या कोणत्याच बाजूला उभे नसतात.

रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात आमच्याकडे काय बोलले जाते ते आपण एकदा ऐकावे. ‘ताई, ते गोल असते बघा, खाली दात असलेले.’ ‘कुकरचे ते काळे द्या.’ ‘पंख्याच्या डोक्यावरचा डबा.’ ‘मशीनला पाणी येते ना, ते जिथून येते ते.’ वर्तकनगरचे एक काका मिक्सरचा आवाज तोंडाने काढून दाखवतात. आधी घरघर, मध्येच एक टक्, आणि मग नुसती सूं सूं. भोवतालचे लोक हसतात, काकाही हसतात, पण त्यांचे निदान आजवर एकदाही चुकलेले नाही. कपलरचे दात झिजले की भांडे फिरत नाही आणि मोटर मोकळी पळते, आणि त्या मोकळ्या मोटरचा आवाज अगदी तसाच असतो. एका आजोबांनी कुकरच्या रिंगचे माप वर्तमानपत्राच्या कागदावर पेन्सिलने काढून आणले होते, कारण कुकर घरी होता आणि त्यात डाळ लावायची राहिली होती. कागदावरचे वर्तुळ थोडे फार चुकेल म्हणून त्यांनी दोऱ्यानेही घेर मोजला होता आणि दोऱ्याला गाठ मारली होती. तरी त्या दिवशी रिंग देता आली नाही. झाकण आत बसणारे की बाहेरून, रिंगची जाडी किती, हे ना कागदावर दिसत होते ना दोऱ्यावर, आणि जुनी रिंग त्यांच्या सूनबाईंनी कचऱ्यात टाकली होती. ती असती तरी तिच्यावर काही लिहिलेले असते असे नाही.

कळव्याचा एक मुलगा आईला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात देतो. आई स्वयंपाकघरातून मशीनचे मागचे झाकण दाखवतात, मग पाइप, मग भिंत, मग बराच वेळ छत. मी म्हणते, ‘मावशी, फोन जरा खाली धरा’, त्या म्हणतात, ‘अगं खालीच आहे’, आणि पाच मिनिटांनी आम्हा दोघींना एकदाचे सापडते की बिघडलेली वस्तू इनलेट व्हॉल्व्ह आहे आणि त्याला एक तोंड आहे की दोन हे पाहायचे आहे. एका मुलीने अख्खा मिक्सर उघडून त्याचे स्क्रू तीन कप्प्यांच्या डब्यात लावून आणले होते, वरचे, मधले आणि तळाचे. एवढी व्यवस्था मी मेकॅनिकचीही पाहिलेली नाही.

ही माणसे मला आवडतात. घरातली वस्तू टाकून न देता ती चालू व्हावी म्हणून ती उन्हातान्हात स्टेशनपर्यंत येतात. त्यांना वस्तूचे नाव येत नाही यात त्यांचा दोष नाही, कारण ते त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

आता जे हसण्यासारखे नाही ते सांगते.

मागच्या पावसाळ्यात कासारवडवलीहून एक गृहस्थ आले. मिक्सरचा कपलर हवा होता. कंपनीचे नाव आणि मॉडेलचे नाव त्यांनी कागदावर नीट लिहून आणले होते, म्हणजे एरवी आम्ही ग्राहकाकडून जी अपेक्षा करतो ती त्यांनी पूर्ण केली होती. मी त्या मॉडेलचा कपलर दिला. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची गर्दी, त्यात पाऊस, बसने जाऊन-येऊन त्यांची अर्धी सकाळ गेली आणि दुपारी ते परत आले. कपलर बसत होता, पण भांडे त्यावर टेकत नव्हते. मी उंचीने थोडा मोठा असलेला दुसरा दिला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, या वेळी भांडे घेऊन. भांडे टेकत होते, पण दात जुळत नव्हते. त्यांनी कपलर काउंटरवर आपटला आणि म्हणाले, ‘तुम्हाला धंदा येत नसेल तर दुकान बंद करा. शेठ कुठे आहेत? त्यांना बोलवा.’ दुकानात चार माणसे होती. शेठ मीच आहे हे त्यांना सांगण्याची ती वेळ नव्हती. (हा प्रश्न मला एकवीस वर्षे विचारला जातो. ज्या दुकानात मोटरचे भाग विकले जातात तिथे बाईला त्यातले कळत असेल यावर विश्वास बसायला लोकांना वेळ लागतो. तो विषय वेगळा आहे.)

ते गेल्यावर मी तिन्ही कपलर ओळीने मांडले, त्यांचा जुना झिजलेला आणि मी दिलेले दोन. व्हर्नियर या बारीक मापाच्या पट्टीने मोजले. आटा तिघांचा एकच, उंची वेगळी, दातांची संख्या वेगळी. माझ्याकडे माल पुरवणाऱ्या मुंबईच्या लोहार चाळीतल्या व्यापाऱ्याला फोन केला, तेव्हा कळले की त्या मॉडेलचे नाव तेच ठेवून कंपनीने मध्येच भांडे आणि कपलर दोन्ही बदलले होते. मिक्सरवरच्या पट्टीवर मॉडेलचे नाव जुनेच. कपलरवर काहीच नाही. म्हणजे त्या गृहस्थांनी कितीही नीट लिहून आणले असते आणि मी कितीही काळजीने दिले असते, तरी आम्ही दोघे चुकणारच होतो. मी त्यांना फोन करून बोलावले, पैसे परत दिले आणि योग्य कपलर चार दिवसांनी मागवून दिला. ते ओशाळले होते. मला मात्र त्यांच्याऐवजी त्या माणसाचा राग आला होता ज्याने साचा बदलला आणि त्या साच्यात चार आकडे कोरण्याचे कष्ट घेतले नाहीत.

आकडे कोरलेले असले की काय होते याचा पुरावा आमच्याच दुकानात आहे. तो म्हणजे बेअरिंग. छताच्या पंख्यात बहुधा ६२०१ किंवा ६२०२ क्रमांकाचे बेअरिंग असते आणि तो आकडा बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. ६२०२ म्हणजे आतले भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५, रुंदी ११. कुठल्याही कंपनीचे असो, कुठल्याही देशात बनलेले असो, यात फरक पडत नाही. पंखा आवाज करतो म्हणून बेअरिंग काढून आणणारा माणूस जुने बेअरिंग फडक्याने पुसतो, चष्मा लावतो, आकडा वाचतो आणि म्हणतो, ‘सहा दोन शून्य दोन, दोन नग.’ अर्ध्या मिनिटात व्यवहार संपतो. बेअरिंग घ्यायला आलेला ग्राहक एकवीस वर्षांत माझ्याशी भांडलेला मला आठवत नाही. माणसे तीच आहेत. तोच माणूस पुढच्या महिन्यात मिक्सरचा कपलर घ्यायला येतो तेव्हा त्रासदायक ठरतो.

गॅसची नळी हे दुसरे उदाहरण. सुरक्षा नळीवर तिच्या लांबीभर मानकाचे चिन्ह आणि वर्ष छापलेले असते, आयएस ९५७३ हे मानक आहे, आणि पाच वर्षांनी नळी बदलावी हे आता बहुतेक घरांत ठाऊक झाले आहे. लोक नळी आणत नाहीत, फोटो आणतात, आणि फोटो पुरतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे साध्या रबरी नळीची मागणी व्हायची आणि ती देत नाही म्हटले की लोक चिडायचे. छापील वर्षाने ते चिडणे जवळजवळ संपवले. काउंटरवर माझ्या शब्दापेक्षा त्या नळीवरच्या शब्दाला जास्त वजन आहे आणि ते तसेच असायला हवे.

कायद्याने हे काम अर्धे केले आहे. वेष्टित वस्तूंविषयीचे वजनमापाचे २०११ चे नियम उत्पादकाचे नाव, पत्ता, महिना व वर्ष, किंमत आणि तक्रारीचा संपर्क हे सगळे खोक्यावर छापायला लावतात. खोके मात्र वस्तू बसवली त्याच दिवशी कचऱ्यात जाते. पुढची सात-आठ वर्षे घरात राहतो तो भाग, आणि त्याच्यावर एक अक्षरही नसते. शिवाय नव्या मिक्सरमधून जो कपलर घरात येतो त्याला स्वतःचे खोके कधी नव्हतेच. झिजून तो माझ्या काउंटरवर येतो तेव्हा तो कुणाचा, कुठल्या वर्षाचा, कुठल्या भांड्याचा हे ओळखण्यासाठी माझ्याकडे आठवण, व्हर्नियर आणि अंदाज एवढेच असते.

क्रमांकाबरोबर एक ओळ माहितीही हवी. मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असते. मोटरवर जास्त भार आला की ते सुटते आणि मिक्सर बंद पडतो. थोडा थंड होऊ देऊन ते दाबले की मिक्सर चालू होतो. दर दिवाळीत, फराळाची भाजणी आणि चटण्या वाटून झाल्या की, ‘मोटर जळाली’ म्हणत लोक पाच-सहा किलोचे धूड पिशवीत घालून आणतात. मी मिक्सर उलटा करते, बटण दाबते, तो चालू होतो. मावशींच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मलाही बरे वाटते आणि मी पैसे घेत नाही. पण ज्यांना स्टेशनजवळचे आमचे दुकान ठाऊक नाही त्यातल्या कितीतरी जणांनी चालू मिक्सर भंगारात दिला असेल. त्या बटणाशेजारी मराठीत, हिंदीत, ज्या राज्यात विकतात तिथल्या भाषेत ‘मिक्सर बंद पडल्यास थंड झाल्यावर दाबा’ एवढे छापायला किती जागा लागते? तसेच कपलरचे. बहुतेक मिक्सरच्या कपलरला उलटे आटे असतात, म्हणजे तो काढताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो. लोक नेहमीप्रमाणे डावीकडे जोर लावतात, कपलर आणखी आवळतो, मग पक्कड घेतात आणि कपलरबरोबर मोटरचा दांडाही वाकवतात. दोनशे रुपयांच्या आतले काम मोटरवर जाते. कपलरवर फक्त एक बाण कोरलेला असता तर हे झाले नसते.

माझे दुसरे गाऱ्हाणे किमतीचे आहे, आणि ग्राहकांचा सर्वात मोठा राग याच गोष्टीवर असतो. पूर्वी लहान भाग लहान भाग म्हणून मिळत. आता पुष्कळ उपकरणांत ते अख्ख्या असेंब्लीतच मिळतात. बंद पडले आहे एक रबर, एक स्प्रिंग किंवा एक बटण, पण कंपनी म्हणते पूर्ण संच घ्या. ग्राहक मला म्हणतो, ‘ताई, तुम्ही मुद्दाम सुटा देत नाही.’ मी त्याला काय उत्तर देऊ? पंख्याचेच पाहा. साध्या पंख्याचा वेग कमी झाला, हाताने ढकलल्याशिवाय तो फिरेनासा झाला की नव्याण्णव वेळा त्याचा कपॅसिटर उतरलेला असतो. ठाण्यात सगळे त्याला कंडेन्सर म्हणतात. त्याच्यावर अडीच मायक्रोफॅरड असे छापलेले असते, म्हणून तो कुठेही मिळतो आणि कुठल्याही कंपनीचा चालतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जेचे तारांकन सक्तीचे झाले आणि कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे घरोघरी आले. पंचाहत्तर वॅटच्या जागी तीस-पस्तीस वॅट हा मोठाच फायदा आहे, मी स्वतः घरी तेच लावले आहेत. पण त्यात कपॅसिटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, प्रत्येक कंपनीचा, बरेचदा प्रत्येक मॉडेलचा निराळा, आणि वॉरंटी संपल्यावर तो बोर्ड बाजारात मिळत नाही. विजेची बचत करा म्हणून लोकांनी जो पंखा घेतला, तो एका बोर्डापायी भंगारात द्यावा लागतो.

काही मागण्या मी नाकारते आणि त्यामुळेही भांडणे होतात. पंखा जोरात फिरावा म्हणून ‘जरा मोठा कंडेन्सर द्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मोठ्या कपॅसिटरने मोटरचे वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तापते, म्हणून मी देत नाही. कुकरच्या झाकणावरची सुरक्षा गोळी, जी पाणी आटून कुकर फार तापला की वितळून वाफ बाहेर सोडते, ती सारखी उडते म्हणून तिच्या जागी बसेल असा बोल्ट मागणारे गृहस्थ एकदा आले होते. मी त्यांना बोल्ट दिला नाही, शेजारच्या हार्डवेअरवाल्यालाही सांगून ठेवले, आणि ते मला बरेच बोलून गेले. २०२० च्या आदेशाने घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, त्याचे मानक आयएस २३४७. सरकारने कुकर सुरक्षित केला. त्या कुकरची योग्य गोळी कुठली हे गोळीवर लिहिले असते तर त्यांना बोल्ट आठवला नसता, कारण त्याआधी त्यांनी दोन दुकानांतून दोन चुकीच्या गोळ्या आणल्या होत्या आणि त्या दोन्ही गळत होत्या.

ऑनलाइन किंमत दाखवून घासाघीस करणाऱ्यांविषयी मी तक्रार करणार नाही. तो त्यांचा अधिकार आहे. परत घेण्याविषयी मात्र सांगायला हवे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी आमच्या दुकानात सासऱ्यांच्या काळापासून होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मी वाचला, तेव्हा कळले की बिलावर मुदत दिलेली नसेल तर सदोष वस्तू तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाटी मी त्याच आठवड्यात काढली. आता प्रत्येक कपॅसिटर ग्राहकासमोर मीटरवर लावून दाखवते: नवा अडीचच्या आसपास, त्याने आणलेला जुना दीडच्याही खाली. तो स्वतः आकडा वाचतो आणि पंखा का मंदावला हे त्याला कळते. परतीचा वाद जवळजवळ उरलेला नाही. पण हे मी कपॅसिटरसाठी करू शकते, कारण त्याच्यावर आकडा छापलेला आहे आणि मीटरवर तो पडताळता येतो. ज्या भागावर काहीच छापलेले नाही तो सदोष आहे की फक्त वेगळ्या मॉडेलचा आहे हे कोण ठरवणार? कायदा सदोष वस्तूविषयी बोलतो. माझ्याकडे परत येणाऱ्या बहुतेक वस्तू सदोष नसतात, चुकीच्या असतात, आणि त्या परत घेऊन मी त्यांचे काय करायचे हे कुठेही लिहिलेले नाही. मी त्या तरीही परत घेते. प्रत्येक दुकानदाराला ते परवडेल असे नाही.

म्हणून माझी विनंती आहे की दुरुस्ती निर्देशांकाचे काम पुढे नेताना मिक्सर, पंखा, गिझर, कुकर, शेगडी आणि वॉशिंग मशीन यांना मोबाईलच्या मागे फार काळ उभे करू नये. मोबाईल एका माणसाचा असतो. मिक्सर बंद पडला की घरातल्या सगळ्यांच्या जेवणाचा खोळंबा होतो आणि तो बहुधा बायकांच्या अंगावर पडतो. निर्देशांकात गुण देताना पहिला प्रश्न हा असावा की झिजणाऱ्या प्रत्येक भागावर न पुसला जाणारा क्रमांक कोरलेला आहे का, आणि भाग बदलला की क्रमांकही बदलतो का. ही गोष्ट कुठल्याही नव्या तंत्रज्ञानावर अडलेली नाही. प्लास्टिकचा किंवा रबराचा भाग ज्या साच्यात होतो त्या साच्यात अक्षरे एकदाच कोरायची असतात, त्यानंतर प्रत्येक नगावर ती आपोआप उमटतात. वागळे इस्टेटमधल्या ज्या छोट्या कारखान्यातून मी काही रबरी भाग घेते, त्या कारखानदाराला मी एवढीच विनंती केली आणि त्यांनी पुढच्याच साच्यात माप कोरून दिले. जे चार कामगारांच्या कारखान्याला जमते ते देशभर माल विकणाऱ्या कंपनीला जमणार नाही असे मला वाटत नाही.

झिजणारा भाग सुटा विकला जावा, असेंब्लीत बांधून नव्हे, आणि मॉडेल बंद झाल्यावर तो किती वर्षे मिळेल हे खोक्यावर छापावे, अशीही माझी मागणी आहे. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक भाग, त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान दहा वर्षे मिळाले पाहिजेत असा नियम केला आहे. फ्रान्समध्ये त्याच वर्षीच्या जानेवारीपासून वॉशिंग मशीनसारख्या वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण लावणे सुरू झाले आणि ग्राहक ते दुकानातच पाहू लागला. आपल्याकडे ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यांच्या कक्षेतल्या वस्तूंची संख्या २१ वरून १०६ वर गेली. भंगारात गेलेल्या वस्तूची एवढी काळजी आपण घेतो, तर ती भंगारात जाण्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या काउंटरवर असते, तिथेही आपले लक्ष असावे.

कंपन्यांना मला एवढेच सांगायचे आहे की सुटा भाग बाजारात सहज मिळाला तर नवे उपकरण खपणार नाही ही भीती आमच्या काउंटरवर खरी ठरलेली मी पाहिलेली नाही. ज्या मिक्सरचा कपलर चटकन मिळतो, त्याच कंपनीचा मिक्सर लोक मुलीच्या रुखवतात ठेवतात आणि घेण्याआधी मला विचारायला येतात, ‘ताई, याचे पार्ट मिळतात ना?’ मी खरे ते सांगते.

गेली सहा वर्षे मी एक वही ठेवली आहे. डाव्या बाजूला ग्राहकाने वस्तूला काय म्हटले ते त्याच्याच शब्दांत, उजव्या बाजूला त्या भागाचे खरे नाव, आणि शेवटी तो मिळाला की नाही. आपल्या विभागाला उपयोग होणार असेल तर तिची प्रत मी देईन. ग्राहकांची नावे आणि फोन नंबर मी त्यातून काढून टाकले आहेत. या पत्राची एक प्रत टपालाने आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. कासारवडवलीच्या त्या गृहस्थांनी आपला जुना कपलर माझ्याकडेच ठेवला होता. त्यांना विचारून तोही सोबत पाठवत आहे.

आपली विश्वासू,
घरगुती उपकरणांच्या सुट्या भागांची एक विक्रेती,
ठाणे (पश्चिम)

सोबत: मिक्सरचा झिजलेला कपलर, १ नग. त्यावर कोणताही मजकूर, क्रमांक वा चिन्ह नाही.